बाविसावा फर्मा

१४ नोव्हेंबर

शहाण्या,

‘प्रिय’ लिहायची सवय सुटली आहे, चालवून घे. पत्र पोचलं. बाबांचा गुडघा सोडला तर इकडे सगळे बरे आहेत. पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्या कादंबरीच्या हजार प्रती बांधून तयार आहेत. शनिवारी प्रकाशन म्हणून तू घाई लावली होतीस, ती मी पाळली.

“काकांच्याच हातची बांधणी हवी,” असं लिहिलंस. बाबा दिवसभर खुशीत होते. त्यांचे हात आता थरथरतात, बांधते मी, हे तुला ठाऊक नव्हतं असं म्हणू नकोस.

बाइंडर पुस्तक पहिल्या पानापासून वाचत नाही. छापखान्यातून सोळा-सोळा पानांचे फर्मे येतात, त्यातला हाताला लागेल तो वाचतो. माझ्या हाताला शेवटचा लागला, बाविसावा. त्यात बाइंडरची मुलगी सतराव्या वर्षी झुरून मरते आणि त्या दुःखातून नायक मोठा लेखक होतो. खळ ढवळत, उभ्या उभ्या, मी माझं मरण वाचलं.

मग बाकीचे फर्मे वाचले. खरं ते मान्य करते. आई गेली, माझी शाळा सुटली, तेव्हा सगळ्या गल्लीत तुलाच माझी कदर होती. कटिंग मशीनच्या मागे बसून, वाया गेलेल्या फर्म्यांवर तू मला वाचायला शिकवलंस. आज चार अक्षरं लिहिते ती तुझ्यामुळे. ते तू सुरेख लिहिलं आहेस. मी रडले. झालं समाधान?

पण जाताना ‘थांबशील ना?’ असं तू विचारलंस आणि मी थांबले, ते कुठल्या पानावर आहे? छापखान्यातल्या कंपोझिटरने मला दोनदा मागणी घातली. भला माणूस होता. मी दोनदा नाही म्हणाले. ताईने कपाळाला हात लावला. तुझं लग्न झाल्याचं मला तुझ्या पहिल्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेवरून कळलं. माझं तुझ्यावर प्रेम होतं रे, मूर्खासारखं, नऊ वर्षांची असल्यापासून.

आता मी सेहेचाळीस वर्षांची आहे. चष्मा लागला, तोंड फटकळ झालं, पण मेले नाही. मेले असते तर तुझी सोय झाली असती.

बाविसावा फर्मा मी एकाही प्रतीत घातलेला नाही. पान ३३६ वर ती दार उघडून बाहेर पडते, वाक्य अर्धंच राहतं. उरलेल्या फर्म्यांच्या पट्ट्या कापून दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या पाठीला चिकटवल्या, तेव्हा परत मागू नकोस. कदाचित यात दुकान जाईल. बाबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांची पन्नास वर्षांची अब्रू मी पणाला लावली, याची लाज वाटते. तुझ्याबद्दल काही वाटत नाही.

शनिवारी लोक विचारतील, पुढे तिचं काय झालं. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. माझ्याकडे बघून सांग.

कळावे. लोभ नसावा.

बाइंडर