पगाराच्या दिवशीचा घोळका

आबा, तुम्ही गेलात तेव्हा माझ्या या घराला वरचा मजला नव्हता. आता आहे, आणि तिथं सात माणसं राहतात. सातही जण दारू सोडलेले. दवाखान्यातून बरे होऊन बाहेर पडलेला माणूस थेट आपल्या गल्लीत गेला की जुने दोस्त दारातच उभे असतात, म्हणून मधले काही महिने ते माझ्याकडं काढतात. सकाळी कामाला जातात, संध्याकाळी पाळीनं स्वयंपाक करतात. मी खाली राहते. तुमचे जावई जाऊन आता चार वर्षं होतील. ते कधी दारूला शिवले नाहीत. तेवढं एकच बघून तुम्ही मला त्या घरात दिलंत, आणि ते तुम्ही बरोबर बघितलं होतं. जिन्यावर पावलं वाजली की अजून मला तेच आल्यासारखं वाटतं. मग वाटायचं थांबतं, आणि मी भाकरीला पीठ घेते.

गेल्या महिन्यात महापालिकेची नोटीस आली. परवाना नसताना वसतिगृह चालवता, खुलासा करा, नाहीतर वरचा मजला सील करू. खाली शेजाऱ्यांची तक्रार जोडलेली. तक्रार काय, तर या घरातली माणसं अमुक दिवशी कोपऱ्यावर घोळका करून उभी राहतात, बायकापोरींना भीती वाटते. वाचून आधी मला हसू आलं, मग संताप आला. कारण तो घोळका तुमचा आहे, आबा.

शिरोलीच्या फाउंड्रीमागं तुमची ती पत्र्याची खोली होती. तुम्ही आणि तिघं कामगार. चौघांनीही सोडायची ठरवलेली, म्हणून घरापासून लांब एकत्र राहिलेले. मी तेव्हा सातवीत. एका रविवारी आई मला घेऊन आली, तर तुम्ही स्टोव्हपुढं बसून अंड्याची आमटी करताय. केसात भट्टीची काळी वाळू, पण हात थरथरत नाहीत. आई तुमच्या हाताकडंच बघत बसली होती. त्या दिवशी तुम्ही मला लोखंडी खलबत्ता दिलात, स्वतः साचा करून ओतलेला. "जड हाय. पायावर पाडू नगंस," एवढंच म्हणालात. आणि जेवताना तुमच्या जोडीदारानं आईला सांगितलं, की पगाराच्या दिवशी एकट्यानं फाटकाबाहेर पडायचं नाही. चौघांनी एकमेकांसाठी थांबायचं आणि दुकान टाळून लांबच्या वाटेनं खोलीवर यायचं. "एकटा असला की पाय आपोआप वळत्यात वहिनी. चौघांचं आठ पाय एकदम वळत न्हाईत," म्हणाला, आणि तुम्ही सगळे हसलात. तुम्हाला तसं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं.

माझ्याकडं तोच रिवाज आहे. ज्याचा पगार, त्याला आणायला बाकीचे कोपऱ्यावर जाऊन थांबतात. कोपऱ्यावर दारूचं दुकान आहे, म्हणूनच कोपरा. समोरच्या वहिनींना मी हे सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते खरं असंल, पर कोण कुठली माणसं ती." मी म्हटलं, "वहिनी, त्याच कोपऱ्यावर रोज पिऊन पडत्यात, त्यांची तक्रार दिलीसा कधी?" तर म्हणतात, "ती आपल्याच गल्लीतली हायत की." पिणारे आपले आणि सोडणारे परके.

मग मी वॉर्ड ऑफिसात गेले. साहेब तरुण, बोलायला चांगला. फाईल उघडून म्हणाला, "काकू, तुमचं ह्ये बसतंय कशात? दवाखाना न्हाय, लॉज न्हाय, होस्टेल न्हाय."

"घर हाय."

"घरात सात परकी माणसं?"

"तुमच्या घरात जत्रंला किती असत्यात?"

"जत्रा एक दिवस असती काकू," म्हणाला आणि हसला. मलाही हसू आलं. मग इकडं-तिकडं बघत आवाज खाली केला. "पेइंग गेस्ट लिहा. नोकरदार पुरुष. फायरचा दाखला जोडा, मी पुढं सरकवतो. दारूचा शब्द तेवढा काढू नका. त्या शब्दानं फाईल वर जाती, आणि वरनं खाली येत न्हाय."

त्यानं भल्यासाठीच सांगितलं. घरी येऊन मी सातांना विचारलं, तर सातही म्हणाले, लिहा मावशी, काय बिघडतंय. जयसिंगपूरचा एकजण आहे, कापड दुकानातला, तो म्हणाला, "नोकरदार तर हायोच की आमी." खोटं कुठंच नव्हतं. पण मला तुमची खोली आठवली. तिथंही मालकाला सांगितलेलं, गावाकडची माणसं आहेत, शाहूवाडीची, फाउंड्रीत कामाला. तेही खरंच होतं. मग कुणीतरी त्याच्या कानावर घातलं, आणि त्यानं तुमची अंथरुणं रस्त्यावर ठेवली. दारू पिता म्हणून नाही, तर सोडलेले आहात हे सांगितलं नाही म्हणून. वळकटी घेऊन तुम्ही दारात आलात तेव्हा मी मालकाला शिव्या दिल्या, तर माझ्यावरच ओरडलात. "त्याला कशाला बोलतीस? आमी सांगितलंच न्हाय तर त्यो काय करंल?" दिवाळी यायच्या आत तुम्ही पुन्हा प्यायला लागलात. माझं लग्न होईपर्यंत जगलात, पुढं फार नाही.

म्हणून मी पेइंग गेस्ट लिहिलं नाही. खुलाशात लिहिलं, हे दारू सोडलेल्या माणसांचं घर आहे. नियम नकोत असं माझं म्हणणं नाही. शाळा सातवीत सुटली तरी वाचनालय सुटलं नाही माझं. माणसं कोंडून, मारून सुधारणाऱ्या जागाही निघाल्या आहेत हे मी वाचलंय. त्यांची तपासणी झालीच पाहिजे. पुढं त्यांना लिहिलं, माझीही करा. संडास बघा, जिना बघा, आग विझवायचा सिलिंडर बघा, रात्री दाराला बाहेरून कुलूप घालते का तेही येऊन बघा. तुमच्याकडं अशा घरासाठी रकाना नसेल तर नवा पाडा. पण जे आहे त्याच्या नावानं परवाना द्या, नाहीतर नाही म्हणायचं ते याच नावाला तोंडावर म्हणा. साहेबानं वाचून डोक्याला हात लावला. म्हणाला, "काकू, तुमी लय अवघड करताय." मी म्हटलं, "अवघडच हाय ते."

सोमवारी ते तपासणीला येणार आहेत. नेमका त्याच दिवशी सातांतल्या बस ड्रायव्हरचा पगार. काल जेवताना सगळे म्हणाले, सोमवारी कोपऱ्यावर जायला नको, साहेब बघतील. तुमच्या खलबत्त्यात लसणाची चटणी कुटत होते मी. हात थांबवून सांगितलं, उभं राहायचं. सगळ्यांनी राहायचं. साहेबाला मीच तिथं घेऊन येते.

परवाना मिळेल का, मला ठाऊक नाही. सील लावायला आले तर मी जिन्यात बसेन, एवढं ठरलंय. हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा घडी घालून खलबत्त्याखाली ठेवते. त्यांच्या कागदावाचून माझं काही अडत नाही, असं मी गल्लीभर सांगत फिरते. पण तुमच्या फोटोशेजारी परवान्याच्या चौकटीसाठी खिळा मी कधीच ठोकून ठेवलाय.