वायरीचं मोकळं टोक

सोमवार, ९ डिसेंबर
शनिवारी अकराला प्रगतीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू. पोरीचा पहिलाच. घरून करायची नोकरी, म्हणजे घरचं नेट दणदणीत हवं. आमचा वायफाय मधल्या खोलीपर्यंत येईतो दमतो. दक्षा म्हणते, केबलवाल्या अमृतला बोलवा. बायकोला काय कळणार! अख्ख्या ऑफिसचे प्रिंटर मीच जोडतो. घरचं नेटवर्क घरचाच माणूस करणार.

मंगळवार, १०
डहाणूहून नेटचा स्विच आणला, म्हणजे एका वायरीच्या चार करणारी डबी. राउटरची वायर स्विचमध्ये, स्विचची लॅपटॉपला. नेट पळू लागलं! प्रगती चक्क ‘थँक्यू बाबा’ म्हणाली. एक लांब वायर उरली. तिचं एक टोक स्विचमध्ये लावून ठेवलं. पुढेमागे टीव्हीला होईल.

जेवणानंतर: दुसरं टोक लोंबत होतं. बरं दिसेना. तेही स्विचमध्येच खोचलं. आता कसं नीटनेटकं!

बुधवार, ११
अख्ख्या घराचं नेट बंद. स्विचचे दिवे मात्र जोरजोरात लुकलुकतात. अर्थात स्विच उत्तम. राउटर तापला असणार. त्याला जुना पंखा लावला.

गुरुवार, १२
राउटर कपाटावर. मग खिडकीत. मग देवाजवळ. दक्षा अमृतला फोन लावत होती. वेळीच थांबवलं. माणसाने धीर धरावा.

शुक्रवार, १३
बोंबील वाळत घालायला दोरी कमी पडली म्हणून दक्षाने ती लांब वायर स्विचमधून उपसून अंगणात बांधली. माझी मांडणी मोडली! बोलणारच होतो, तेवढ्यात नेट सुरू. पंख्याचा गुण उशिरा येतो.

शनिवार, १४. सकाळ
आज पूर्ण ताकद हवी. बोंबील उतरवले, वायर पुसली, दोन्ही टोकं स्विचमध्ये जागच्या जागी.

थोड्या वेळाने: नेट गेलं. प्रगती लॅपटॉप उचलून शेजारी निलमकडे पळाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दुपार: दक्षाने शेवटी अमृतला विचारलंच. एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली, की नेट तिथल्या तिथे गरगरत बसतं म्हणे. असेल.

प्रगतीचा इंटरव्ह्यू झकास झाला. घरातली एखादी अडचण कशी सोडवलीत, असं विचारलं त्यांनी. तिने काय सांगितलं, ते मला कोणी सांगत नाही. मायलेकी नुसत्या हसतात.

संध्याकाळ: वायर पुन्हा अंगणात. बोंबलांवरचे कावळे हाकलायचं काम माझ्याकडे. कायमचा उपाय सुचला आहे. घरात तो जुना पंखा आहेच.