सेल्मरच्या हातची काडतुसं

मी, अर्डिस टोलेफसन, दिवंगत सेल्मर टोलेफसन यांची पत्नी, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा पूर्वी शाळेची बस चालवणे व आता काही नाही, राहणार अ‍ॅल्डर बेंड, मोंटाना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत. काळजाचा भरवसा नाही, असं डॉक्टर म्हणतात. डोकं मात्र जागेवर आहे. वकील ग्रेव्हलीबाईंनी मला तारीख, वार आणि गव्हर्नरचं नाव विचारून त्याची खात्री करून घेतली आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते सेल्मर असतानाचं होतं आणि त्यात सगळं त्यालाच ठेवलं होतं.

हे वाचलं जाईल तेव्हा तुम्ही सगळे ग्रेव्हलीबाईंच्या कचेरीत त्या कडक खुर्च्यांवर बसलेले असाल, म्हणून आधी विचारपूस करते. कार्ना, लेकी, कंबर कशी आहे? स्पोकेनहून एका दमात गाडी हाकत आली असशील, तू ऐकणार थोडीच. इडेला, जाऊबाई, साखर आटोक्यात आहे का, आणि खरं सांग. व्हर्नल भाऊजी, थंडीत डोळ्याची खोबण अजून ठणकते का? मर्ल, तुझं पित्त कसं आहे? तुझ्यावर माझा राग आहे, पण पित्ताशी माझं भांडण नाही. रोलिन, लेका, तुला काय विचारू? दोन्ही डोळे, दोन्ही हात जागच्या जागी आहेत ना, तेवढंच सांग.

आता वाटण्या. आधी किरकोळ.

शिवणयंत्र आणि माझ्या सगळ्या गोधड्या कार्नाला. बँकेत जे असेल तेही तिलाच. ती या मृत्युपत्राची व्यवस्थापक आहे आणि माझ्यापेक्षा नीटनेटकी आहे. फ्रीजरमधलं मांस ज्याला हवं त्याने न्यावं, पण आधी चिठ्ठ्या वाचा. खालच्या थरातलं फार जुनं आहे, ते कुत्र्यांना घाला. इडेलाचा केक भाजायचा मोठा ट्रे माझ्या ओव्हनखालच्या खणात आहे. तो तिला परत द्यावा. हा वारसा नाही, तिचीच वस्तू आहे. कित्येक वर्षं ती मागत होती आणि मी 'माझ्याकडे नाही' म्हणत होते. मीच खोटं बोलत होते.

चर्चला काही ठेवलेलं नाही. कारण पुढे येईल.

तळघरातलं काडतुसं भरायचं यंत्र, साचे, तराजू, टेबलासकट भंगारात द्यावं. विकू नये. कोणी कितीही गळ घातली तरी 'सेल्मरची आठवण' म्हणून देऊ नये. तळघरात राहिलेली काडतुसं मी स्वतः उकलली आहेत. त्या हातोडीसारख्या साधनाने प्रत्येकाची गोळी ठोकून काढली आणि आतली दारू अंगणात पसरली. यंदा गवत तिथे फार छान आलं. या घरात आता सेल्मरच्या हातचं एकही काडतूस नाही. बाहेर आहेत. या कागदाचं खरं कारण तेच आहे, बाकी सगळं कार्नाने न लिहितासुद्धा नीट वाटलं असतं.

ग्रेव्हलीबाई बाहेरच्या आहेत म्हणून सांगते. आमच्या खोऱ्यात काडतुसं घरी भरणारा माणूस गेला, की पुरल्यानंतरच्या जेवणाला कॉफीच्या किटलीशेजारी एक वाडगा ठेवतात. त्यात त्याच्या हातची काडतुसं. ज्याच्याकडे त्या मापाची बंदूक असेल त्याने एक उचलायचं, खिशात टाकायचं आणि शिकारीच्या मोसमाच्या पहिल्या सकाळी पहिला बार त्याच्या नावाने काढायचा. माझ्या सासऱ्यांच्या वेळी केलं, शेजारच्या दोघांच्या वेळी केलं, काही झालं नाही. काही झालं नाही हे आमचं नशीब. त्याची आम्ही रीत केली.

सेल्मर स्वतः कोणाला काडतूस द्यायचा नाही. त्याची बंदूक जुनी, नळी आतून झिजलेली. तो तिच्या अंगाला बसेल इतका बार भरायचा, आणि तो बार दुसऱ्या बंदुकीला झेपेलच असं नाही. मर्ल दरवर्षी मागायचा. गुरांच्या खाद्याच्या दुकानात पोती उचलता उचलता म्हणायचा, "सेल्मर, पाचच दे रे. तुझ्या गोळीला हरीण स्वतःहून चालत येतं म्हणतात."

"माझा चष्मा लावून बघ आधी," सेल्मर म्हणायचा. "मला त्यातून स्पष्ट दिसतं. तू लावलास तर जिन्यावरून पडशील."

अशी ही काडतुसं. जन्मभर मागून मिळाली नाहीत म्हणून सगळ्यांना हवी होती.

शेवटच्या हिवाळ्यात सेल्मरचं डोकं धुक्यात गेलं. मला कधी अर्डिस म्हणायचा, कधी आपल्या आईच्या नावाने हाक मारायचा. हात मात्र चालायचे. रोलिन रोज दुपारी यायचा आणि दोघं तळघरात बसून काडतुसं भरायचे. मला वरून यंत्राच्या दांड्याचा आवाज ऐकू यायचा आणि त्यांचं हसणं. बापलेकांना एकत्र हसताना मी त्याआधी फारसं ऐकलं नव्हतं. म्हणून मी खाली कमी जायचे.

एकदा कॉफी घेऊन गेले तर टेबलावर दारूचे दोन डबे उघडे. एक बंदुकीचा, दाणा जाड. एक पिस्तुलाचा, बारीक, झटकन पेटणारा. सेल्मरचा नियम होता की टेबलावर एका वेळी एकच डबा. तो नियम आमच्या घरात बायबलसारखा होता म्हणा. आणि त्या दिवशी जाड दाण्याच्या डब्यात बारीक मिसळलेली मला दिसली. मी तिथेच म्हटलं, "हे सगळं फेका." सेल्मर हसला. रोलिन म्हणाला, "आई, आम्ही बघतो." दोन्ही डबे मी तेव्हाच उचलून बाहेर ओतले, पण त्याआधी किती काडतुसं त्यातून भरून झाली होती आणि कोणत्या पेटीत गेली होती, हे दोघांनाही सांगता येईना. बंदुकीत जाड दाण्याच्या जागी बारीक गेली तर काय होतं, ते या खोलीत बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरून तर सगळी सारखीच. हलवून कळत नाही, वजन करूनही कळत नाही, कारण काडतुसांच्या पितळेच्या नळ्याच एकसारख्या वजनाच्या नसतात.

सेल्मर वसंतात गेला. मी रोलिनला आधीच सांगितलं होतं, वाडगा ठेवायचा नाही. चर्चच्या तळघरात माझ्या हातात बटाट्याच्या पोळ्यांचं ताट होतं, लोक येऊन गळ्यात पडत होते, आणि त्यांच्या खांद्यावरून मला तो वाडगा दिसला. शेवटच्या हिवाळ्याची पेटी रोलिनने त्यात ओतली होती, निम्मीशी. मी ताट खाली ठेवलं आणि टेबलाटेबलाशी जाऊन ओंजळ पुढे केली. "परत द्या." माणसं उठून उभी राहिली, माझे हात हातात घेतले, पण काडतूस कोणी काढलं नाही. मर्ल म्हणाला, "अर्डिसबाई, एवढं तरी राहू द्या आमच्याकडे." पास्टरांनी मला बाजूला नेलं. "दुःखात असं होतं," म्हणाले. "त्यांना त्यात आधार आहे." पास्टर, मला तुमचा राग तेव्हा आला नाही, नंतर आला. म्हणून चर्चला काही नाही.

त्याच साली ऑक्टोबरात, पहिल्या सकाळी, व्हर्नल भाऊजींनी आपल्या भावाच्या नावाने बार काढला. बंदूक त्यांच्या तोंडाशी फुटली. उजवा डोळा गेला, उजवा अंगठा गेला. अंगठ्याशिवाय चामडं टोचायची आरी धरता येत नाही. या खोऱ्यातल्या अर्ध्या घोड्यांवर भाऊजींच्या हातची खोगिरं आहेत. आता भाऊजी इडेलाकडून बुटाची नाडी बांधून घेतात.

जिल्ह्याच्या गावचा बंदूक दुरुस्त करणारा माणूस फुटलेलं लोखंड बघून म्हणाला, आत दाब भलताच झाला, काडतूस चुकीचं भरलेलं होतं. रोलिन म्हणाला, "त्याच्या दुकानात कारखान्याची काडतुसं विकायला आहेत, तो दुसरं काय बोलणार? काकाच्या नळीत बर्फ अडकलं असेल." पुढच्याच आठवड्यात मर्लने आपलं काडतूस कुंपणाच्या खांबावर उडवलं आणि मला मुद्दाम फोन केला. "बघा, बाई. घड्याळासारखं गेलं. सेल्मरचं नाव खराब करू नका." मग आणखी दोघांनी उडवली, त्यांचीही चांगली गेली. मर्ल, माझा राग तो हा. तुझं चांगलं निघालं. प्रत्येक चांगल्या बाराबरोबर माझं बोलणं खोटं ठरत गेलं, आणि ज्यांनी आपलं काडतूस परत आणून द्यायचं ठरवलं होतं त्यांनी ते पुन्हा खिडकीत मांडून ठेवलं.

मी दारोदार गेले, पत्रं लिहिली. काही जण दार उघडून कॉफी देतात आणि सेल्मरच्या आठवणी सांगतात. काडतूस देत नाहीत.

आणि वाडग्यात न ओतलेली ती निम्मी पेटी रोलिनकडे आहे. दर मोसमाच्या पहिल्या सकाळी तो त्यातलं एक बापाच्या नावाने उडवतो. आजवर चांगली गेली आहेत. त्या सकाळी मी फोनजवळ बसते.

आता घर. घर, अंगण, कुरण आणि विहीर, हे सगळं रोलिनला मिळेल, पण ती पेटी त्याने ग्रेव्हलीबाईंकडे जमा केली तरच, असं मी आधी लिहिलं होतं. त्याला बोलावून वाचूनही दाखवलं. त्याने कॉफी संपवली, कप विसळून पालथा घातला.

"घर कार्नाला दे," म्हणाला.

"रोलिन, व्हर्नलकाकाकडे बघ."

"रोज बघतो."

"मग?"

"डबे कपाटातून मी काढून देत होतो, आई. बाबांना कुठला कोणता ते कळत नव्हतं. ते विचारायचे, हाच ना रे? आणि मी हो म्हणायचो." तो दाराकडे बघत बोलत होता. "तू म्हणतेस तसं असेल तर काकाचा डोळा मी घेतला. तसं नसेल तर बर्फाने घेतला. मी बर्फ म्हणतो. आणि नुसतं तोंडाने म्हणून भागत नाही."

मी म्हटलं, "मी तुला काही विचारत नाही. तू पेटी दे."

"दिली की झालंच कबूल," तो म्हणाला, आणि टोपी घालून गेला.

तर अट मी खोडली आहे. घर रोलिनलाच, बिनशर्त. त्याच्याकडून काडतुसं घ्यायची ताकद कोणत्याही कलमात नाही, हे मला कळून चुकलं आहे, आणि बेघर करून तो ऐकेल असाही तो नाही. कार्ना, तू यावर भांडू नकोस.

माझ्या जेवणाला वाडगा ठेवू नये. मी कधी काडतूस भरलं नाही, तरी 'आईच्या नावाने बाबांची' असं कोणाच्या डोक्यात येईल, म्हणून लिहून ठेवते. वाडग्यात हवं तर साखर ठेवा.

ज्यांच्याकडे सेल्मरचं काडतूस अजून आहे त्यांनी ते कार्नाकडे द्यावं. ती उकलेल. कोणी आणून देईल असं मला वाटत नाही, पण मागायचं राहिलं असं नको.

व्हर्नल भाऊजींना यात हिस्सा नाही. मी कुरण त्यांना द्यायला निघाले होते. साक्षीदाराला वाटा घेता येत नाही, असं ग्रेव्हलीबाईंनी सांगितलं, तेव्हा भाऊजी म्हणाले, "वहिनी, कुरणात मी काय करू? एका डोळ्याने मला अर्धंच दिसणार. सही करू दे. निदान एक सही तरी म्हणेल की तू खरं लिहिलंस."

वर लिहिलेलं सगळं मी वाचून पाहिलं, ते माझंच आहे, आणि दोघा साक्षीदारांदेखत मी सही करत आहे.

अर्डिस टोलेफसन

साक्षीदार:
व्हर्नल टोलेफसन, खोगिरं करणारा (डाव्या हातची सही)
फर्न ओकरस्ट्रॉम, फिरत्या वाचनालयाच्या गाडीवरील

अ‍ॅल्डर बेंड, मोंटाना
१२ सप्टेंबर २००९

सहीच्या खाली लिहिलेलं कायद्यात धरत नाहीत, असं ग्रेव्हलीबाई म्हणतात. म्हणून हे इथे लिहिते, रोलिन. हे मृत्युपत्र नव्हे, आईचं सांगणं आहे. मोसमाची पहिली सकाळ येईल तेव्हा फोनजवळ बसायला मी नसेन. तू बार काढशील, हे मला माहीत आहे. काढून झाला की घरी ये आणि कार्नाला दोन ओळी लिही. फोन नको, तुझ्या उजव्या हाताने लिहिलेलं तिला दिसू दे. हरीण मिळालं की नाही, एवढं लिहिलंस तरी पुरे. ती रोज टपालाच्या पेटीत बघेल, म्हणून उशीर करू नकोस, लवकर लिही.