एक बोट सैल

३ जून
शाळेतला शिवणाचा तास आठवला. फ्रॉक नीट बसलाय का, हे सिस्टर कमरेत बोट सरकवून बघायच्या. लीना आणि मी एकमेकींच्या कमरेत बोट घालून इतक्या हसलो की दोघींना वर्गाबाहेर उभं केलं. पुढे दोघींनीच संत तुकाराम नगरात ब्लाउजचं दुकान काढलं. या महिनाअखेरीस बंद. तिचे गुडघे, माझे डोळे.

६ जून
भाची केतकी आली. तिची परदेशी कपड्यांची कंपनी देशोदेशी दुकानं उघडत सुटलीय. आता आपल्या मॉलमध्येही. पण कपडे परत येताहेत. बाही लांब, छातीला घट्ट. "मावशी, साचे तिकडचेच आणलेत गं. तुझी मापांची वही दे ना. इथल्या बायका कशा असतात, कंपनीत कुणालाच ठाऊक नाही." माप बसवून दाखवलं तर नोकरी पक्की. नाहीतर दिवाळीपर्यंतच.

७ जून
वही चाळली. प्रत्येकीचं एक पान. आकड्यांशेजारी लीनाच्या नोंदी. "खांदा उतरता." "बाळंतपणानंतर." "डावी बाजू ऑपरेशन. आतून पॅड. कुठे बोलू नये." हे कसं देऊ? आणि के.ला नाही कसं म्हणू? तिचं पहिलं झबलं मीच शिवलेलं.

९ जून
गावठाणातल्या पारूबाई शेवटचे ब्लाउज न्यायला आल्या. तुमचं माप केतकीच्या कंपनीला देऊ का, विचारलं. "माजं माप परदेशात? व्हय? अन् मला न्हाई न्यायचे?" हसता हसता ठसका लागला. दारातून मात्र वळल्या. "नाव नगं घालूस पर. सुना तितंच जात्यात खरेदीला."

११ जून
के. दुकानात. "एक बोट सैल म्हणजे किती सेंटीमीटर?"
लीना म्हणाली, "कुणाचं बोट, त्यावर आहे."
के.नं टेप काढून तिचं बोट मोजलं. लीना ओरडली, "अगं, हे संधिवातानं सुजलंय! तेव्हा केवढं नाजूक होतं!"

१४ जून
दुकान आवरलं. कुणाला काय ते लिहून ठेवते.
मशीन लीनाच्या सुनेला.
मोठी कात्री लीनाला. नाही दिली तरी नेईलच.
बटणांचा डबा पारूबाईंच्या नातीला.
वही अख्खी कुणालाच नाही. पानं सोडवायची, जिचं पान तिच्या हातात. के.नं माझ्याबरोबर घरोघरी यावं, स्वतः मागावं. द्यायचं की नाही, ती बाई ठरवेल. ऑपरेशनवालीकडे मी एकटी जाईन.
माझं पान आजच के.ला दिलं. त्यावर लीनाच्या अक्षरात: "कंबर वाढणार. दोन बोटं सैल ठेवणे."