अळणी आमटी

बाबा, तुमची काचेची परीक्षानळी अजून माझ्याकडे आहे. तुम्ही गेल्यावर कसब्यातली जागा सोडून आम्ही कोथरूडला आलो तेव्हा आईने तुमचं बरंचसं सामान देऊन टाकलं, स्पिरिटचा दिवासुद्धा. नळी मात्र मी रुमालात गुंडाळून आणली. आईला वाटलं, मुलाची माया. मी तसं वाटू दिलं. लोकांना जे वाटतं ते वाटू देण्यात मी तरबेज झालो, त्याची सुरुवात तुमच्यापासून झाली. काल तुमच्या नातीने मला एक प्रश्न विचारला आणि बावीस-तेवीस वर्षांपूर्वी मी तुमच्याशी जे खोटं बोललो होतो तेच तिच्याशी पुन्हा बोललो. म्हणून आज लिहायला बसलो आहे.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. तुमच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. आईला मधुमेह, त्यामुळे तिचा प्रश्नच नव्हता. राहिलो मी. रक्तगट जुळत होता, दर रविवारी सिंहगड चढून उतरत होतो, सुपारीचंही व्यसन नव्हतं. मी किडनी देणार, हे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. विचारलंत ते फक्त तुम्ही. गॅलरीत खुर्चीवर बसून पाय चोळत म्हणालात, "हे बघ, ही काही छत्री नाही, शेजाऱ्याने मागितली आणि दिली. नको वाटत असेल तर आत्ताच नको म्हण. मी रुसणार नाही." मी म्हणालो, "बाबा, काहीतरीच काय बोलता!" आणि आत जाऊन पाणी प्यालो. ते पाणी तुम्हाला मोजून मिळायचं, हेही तेव्हा डोक्यात आलं नाही.

मग इस्पितळातल्या सगळ्या तपासण्या झाल्या. एकही खोट निघाली नाही. शेवटी तिथल्या समाजसेविका बाईंनी मला एकट्याला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. त्या म्हणाल्या, "इथे बोललेलं बाहेर जात नाही. घरचे काय म्हणतात ते सोडा. तुम्हाला स्वतःला द्यायची आहे का?"  मी नाही म्हणालो. त्यांनी कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नोकरी सांगितली असती, पुढे लग्न सांगितलं असतं. खरं कारण एवढंच होतं की मला भीती वाटत होती. टेबलाची, भुलीची, कुशीवरच्या टाक्यांची. आजही दुसरं कारण शोधून पाहतो. सापडत नाही.

डॉक्टर तुम्हाला एवढंच म्हणाले, "दाता म्हणून हे योग्य नाहीत." त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. खोटं मी घातलं, रिक्षात. आई सारखी विचारत होती, "योग्य नाही म्हणजे काय रे? तुला काही झालंय का?" आणि मी म्हणालो, "लघवीतून प्रथिनं जातात म्हणे थोडी." बाबा, तीस वर्षं लॅबमध्ये लघवी तपासलेल्या माणसाच्या मुलाने थाप मारायला नेमकी तीच गोष्ट निवडली, जी तुम्ही घरच्या घरी पाच मिनिटांत पडताळू शकत होतात. तुमच्याच तोंडून लहानपणापासून ऐकलेला शब्द, तो आधी जिभेवर आला. तुम्ही बाहेर रस्त्याकडे बघत होतात. 

महिनाभराने एका सकाळी तुम्ही मला बाटली दिलीत. "मधली धार. उगाच भरून आणू नकोस." गॅलरीत दिवा पेटवून तुम्ही नळीचा वरचा भाग तापवलात, दोन थेंब आम्ल घातलंत, पुन्हा तापवलंत. मी मोरीच्या दारात टॉवेल घेऊन उभा. मग तुम्ही नळीमागे वर्तमानपत्र धरलंत. अकरावीत असताना तुमच्या लॅबमध्ये तुम्हीच मला हे दाखवलं होतं. प्रथिन असेल तर तापवल्यावर नळी दुधाळ होते, मागची अक्षरं दिसत नाहीत. अक्षरं वाचता आली तर माणूस साफ. त्या सकाळी मी दारात उभा होतो तिथून, तीन-चार हातांवरून, मला नळीतून बातमीचा मथळा दिसत होता. तुम्ही तर चष्मा लावून होतात. आईने चहा गाळता गाळता विचारलं, "अहो, काय निघालं?" तुम्ही नळी मोरीत रिकामी केलीत, धुतलीत, उपडी ठेवलीत आणि म्हणालात, "जातंय थोडं. आजपासून ह्यालाही माझ्यातलीच आमटी वाढत जा. मीठ बंद."

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. तुमच्याकडे बघायलाही धजलो नाही. त्या दिवसापासून आपण दोघं शेजारी बसून अळणी आमटी जेवलो, तीन वर्षं. मयत दात्याची किडनी मिळण्यासाठीच्या यादीत तुमचं नाव होतं, पण फोन कधी आला नाही. तुम्ही वाळत गेलात आणि माझ्या ताटावर नजर ठेवत राहिलात. मी लोणच्याकडे हात नेला की, "अं हं. तुझं प्रथिन!" आत्या एकदा आईसमोरच म्हणाली, "तरणाताठा पोरगा घरात, आणि बापावर ही वेळ!" तर तुम्ही हसून म्हणालात, "अगं, त्याचीच गाडी गॅरेजला लागलीय, त्याला कशाला हॉर्न वाजवतेस?" आई डोळे पुसत मला म्हणाली, "तुझा काय दोष रे." तुम्ही तिला तसं समजू दिलंत. माझ्यासाठी दिलंत की तिच्यासाठी, की रोज माझ्यासमोर जेवायला बसणं आपल्या दोघांनाही जमावं म्हणून, हे मी विचारलं नाही. तुम्हाला कळलेलं आहे हे मला कळलं होतं. तरी मी गप्प राहिलो, कारण तुमचं गप्प राहणं माझ्या सोयीचं होतं.

आता तुमच्या नातीचं. तिला तुम्ही पाहिलं नाहीत. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. रक्ताचा कॅन्सर झालेल्यांना मूळ पेशी देणाऱ्यांची नोंदणी होते, त्यात तिने मला न विचारता गालाच्या आतला नमुना देऊन ठेवला होता. काही महिन्यांत फोन आला, कुणाशी तरी जुळलं. कुणाशी, ते सांगत नाहीत. पाच दिवस इंजेक्शनं झाली, हाडं ठणकली, आणि काल ती मशीनला लागली. एका हातातून रक्त बाहेर, पेशी वेगळ्या काढून उरलेलं दुसऱ्या हातातून परत आत. मी शेजारी खुर्चीवर चार तास बसलो. तशीच नळी, तसाच आवाज. तुमच्या डायलिसिसच्या वेळी मी पेपर वाचायचो.

"बाबा, तुझी किडनी ठीक असती तर तू दिली असतीस ना आजोबांना?"

"हो. लगेच," मी म्हणालो. त्यातला 'लगेच' तर तिने मागितलाही नव्हता.

"मला माहितीये रे. म्हणून तर मी फॉर्म भरला. म्हटलं, आपल्याला देता येतंय तर देऊन टाकू." मग हात हलवता येत नव्हता म्हणून तिने मला नाक खाजवायला सांगितलं. मी खाजवलं.

आज दुपारी ती आत झोपली आहे. हा कागद तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही, पण तिच्या उशाशी ठेवता येईल, असं ठरवूनच सुरुवात केली होती. मधे दोनदा उठून दारापर्यंत गेलोही. आता तो वहीत जाईल, हे मला दिसतं आहे.

आणखी एक. ह्या घरातही माझ्यासाठी आमटी वेगळ्या भांड्यात काढतात, माझी किडनी नाजूक म्हणून. मी कधी नको म्हणालो नाही. ती आपली शिक्षा आहे, निदान एवढी तरी मी भोगतो आहे, असं मी इतकी वर्षं मनाशी धरून होतो. पण गेल्या महिन्यात एका लग्नात मीठ घातलेली आमटी वाढली, तर दोन घासांपुढे गेली नाही. बाबा, मला अळणीच आवडते आता.