ईमेल सुरू झाले

३ मार्च
आणि यांना म्हणे व्यवस्थापक म्हणायचं! हरवलेल्या म्हाताऱ्या माणसांचं आश्रयगृह चालवतात. वेबसाइटवरून ईमेल जाईनात, तर मला बोलवायच्या आधी काय केलं — टेबलावरचा संगणक तीनदा बंद करून चालू केला. साइट कुठल्या तरी लांबच्या क्लाउडवर! म्हटलं, पंखाही बंद करून बघायचा. हसले. टोमणासुद्धा कळत नाही.

४ मार्च
कारण सापडलं. साइट नव्या क्लाउडवर हलवली व्यवस्थापकांच्या जावयाने. तिथे ईमेल बाहेर जायची नेहमीची वाट बंदच ठेवतात, फुकट्या जाहिरातवाल्यांमुळे. मदतीच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. जावईबापूंना फोन केला. "माझ्याकडे तर चालत होतं." वाचायचे कष्ट कोण घेणार! आता ईमेल पाठवणारी वेगळी सेवा जोडायची.

शेजारी एक मावशी शर्टांना बटणं लावत बसतात. इथेच राहतात. घर कुठलं ते आठवत नाही म्हणतात. "कुणाला जातात गं हे ईमेल?" सांगितलं — घरच्यांनी साइटवर टाकलेला फोटो इथल्या कुणाशी जुळला की त्यांना आपोआप इथला पत्ता जातो. "आपोआप?" म्हणाल्या, आणि सुईत दोरा ओवायला लागल्या.

५ मार्च
जातायत, पण सगळे स्पॅममध्ये. डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, नोंदीत नव्या सेवेला परवानगी द्यायला हवी. पासवर्ड जावईबापूंकडे. जावईबापू सहलीला. धन्य ते घराणं.

६ मार्च
झालं एकदाचं. तुंबलेले जुने ईमेलही सुटले. व्यवस्थापकांनी टाळ्या वाजवल्या, जणू मी टोपीतून ससा काढला.

मावशींचा चेहरा मात्र उतरला. "सगळे गेले?"
"सगळे."
"परत घेता येतात?"
मला हसू आलं. ईमेल परत मागणारी माणसं! "नाही," म्हटलं.

८ मार्च
साइट ठीक चालतेय का बघायला गेले, तर मावशींचा मुलगा आलेला. मावशी स्वयंपाकघरात, दाराला आतून कडी. आतूनच बोलल्या — "माझं मनगट यानेच मोडलं होतं. मी हरवले नव्हते, पळून आले होते."

मुलाने मोबाइल पुढे केला. "तुम्हीच कळवलंत ना?" माझाच ईमेल. स्पॅममध्ये न गेलेला.

व्यवस्थापक दाराला पाठ लावून उभे राहिले. "आई तुमची असेल. पण त्या नको म्हणतायत. पोलिसांना बोलावलंय, त्यांच्यासमोर बोलू." मुलाने छातीवर हात ठेवून ढकललं, तरी हलले नाहीत. पोलिसांची गाडी वळताना दिसली तसा तो निघून गेला.

९ मार्च
सकाळीच व्यवस्थापकांचा फोन. "ईमेल जाण्याआधी इथे राहणाऱ्या त्या माणसाला विचारायचं, एवढी सोय करता येईल का हो?"

अर्ध्या तासाचं काम. मला सुचलंच नव्हतं.