डाव्या आरशात दिसाल असे उभे राहा

तीर्थस्वरूप दादा यांना,

साष्टांग नमस्कार. हे पत्र मी ट्रकच्या केबिनमध्ये बसून लिहितो आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं स्टिअरिंगखालून मोकळी होतील तेवढीच या नमस्कारात धरावीत. उरलेली प्रत्यक्ष भेटीत पुरी करीन. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींना सांगा, त्यांनी तुमच्या गुडघ्यासाठी सांगितलेला गरम पाण्याचा शेक मी माझ्या मानेला घेतो आहे आणि गुण येतो आहे. (मानेला का, ते पुढे येईलच.) इकडे आम्ही दोघं देवाच्या कृपेने सुखरूप आहोत. सुखरूप हा शब्द मी पूर्वी पत्रात सवयीने लिहीत असे. आता हातपाय चाचपून मग लिहितो.

आम्ही ट्रक शिकतो आहोत हे सांगायला मी फोन केला होता, तेव्हा तुम्ही म्हणालात, "पन्नाशीला आलात, आता हे खूळ? तेही माझ्या बहिणीला घेऊन? दोघंही पास व्हाल तेव्हा बोलू. तोवर मला फोन करू नका." त्याप्रमाणे मी फोन केलेला नाही. पत्राबद्दल तुम्ही काही म्हणाला नव्हतात. (ही पळवाट तुमच्या बहिणीने शोधून दिली.)

पण खूळ नव्हतं हो, दादा. तुम्हाला ठाऊकच आहे, बाटल्यांच्या कारखान्यात ती दिवसपाळीला पॅकिंगमध्ये आणि मी रातपाळीला बॉयलरवर. मुलं लहान होती, कुणीतरी घरी हवं, म्हणून आम्हीच तशा पाळ्या मागून घेतल्या. पुढे मुलं मोठी झाली, आपापल्या मार्गाला लागली, तरी पाळी बदलून घ्यावी हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. आमचा संसार म्हणजे कारखान्याचं गेट. ती आत जाताना, मी बाहेर येताना. किल्ली तिच्या हातातून माझ्या हातात, "भाजी झाकून ठेवलीय", "नळवाला येणार आहे", की झाला संवाद. मग कारखाना बंद पडला आणि आम्ही दोघं एकाच वेळी घरात आलो. सुरुवातीला तर एकमेकांना पाहुण्यासारखं "बसा ना" म्हणत होतो.

जाहिरात तिनेच आणली. एक मालवाहतूक कंपनी लांब पल्ल्याच्या गाडीवर दोन-दोन ड्रायव्हर ठेवते. एकाने चालवायचं, दुसऱ्याने सीटमागच्या बाकावर झोपायचं. नवरा-बायको असतील तर कंपनीला आनंदच. (त्यांची घोरण्याची तक्रार ऑफिसपर्यंत येत नाही, असं तिथले साहेब म्हणाले.) मात्र परवाना दोघांकडे हवा. एकच पास झाला, तर त्याची जोडी दुसऱ्या कुणाशी लावून देणार. ती मला म्हणाली, "अहो, एका गाडीत तरी बसू." नाव नोंदवून आलो.

आम्हाला शिकवायला एक बाई होत्या, वयाने आमच्या लेकीएवढ्या. आता माझं शिक्षण गावच्या शाळेतलं. बाई वर्गात आल्या की उभं राहायचं, हे तिथे हाडात मुरतं. पहिल्या दिवशी बाई केबिनमध्ये चढल्या आणि मी "नमस्ते बाई" म्हणत ताडकन उठलो. ट्रकचं छप्पर शाळेच्या छपराएवढं उंच नसतं. दुसऱ्या दिवशीही उठलो. तिसऱ्या दिवशी त्या चढायच्या आधी खालूनच ओरडल्या, "काका, बसून राहा!" (मान ती ही.)

दुसरी खोड देवाची. म्हणजे माझी, पण देवापायीची. कुठलंही काम हाती घेताना डोळे मिटून क्षणभर नाव घ्यायचं, ही माझी जुनी सवय. बॉयलरवर त्या सवयीने कुणाचं काही बिघडलं नाही. इथे मी इंजिन सुरू केलं, गिअर टाकला, डोळे मिटले, आणि गाडी नाव पुरं व्हायची वाट न बघता निघाली. बाईंनी त्यांच्या पायाशी असलेला जादा ब्रेक दाबला आणि शांतपणे विचारलं, "काका, देव सगळं बघतो ना?" म्हटलं, बघतो. "मग आता तुम्हीपण बघा." दादा, माझ्या आजवरच्या वाचनात आणि श्रवणात हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी डोळे उघडे ठेवून नाव घेतो. तो अजून आरशात दिसलेला नाही, पण खांब वेळेवर दिसतात.

तुमच्या बहिणीचंही थोडं सांगतो, नाहीतर सगळी बावळटपणाची मिरास माझ्याच नावावर जायची. त्या मैदानात शिकायला आमच्यासारखी आणखी काही जोडपी होती, आणि सगळ्या बायका आपापल्या नवऱ्याला "अहो" म्हणणाऱ्या. एकदा मी भिंतीच्या रोखाने निघालोय असं वाटून हिने "अहो!" अशी हाक दिली. मैदानातले सगळे नवरे एकदम ब्रेकवर. धूळ खाली बसल्यावर बघतो तर चालता होता एकटा मीच, कारण मला इंजिनाच्या आवाजात ऐकूच आलं नव्हतं. त्यानंतर बाईंनी हिला शिट्टी दिली. ती शिट्टी आता घरीही वाजते.

पण चालवण्यात ती माझ्या कितीतरी पुढे. गाडी पुढे न्यायला कुणीही नेतं, खरी मेख मागे घेण्यात आहे. इतका लांब ट्रेलर उलटा चालवत गोदामाच्या दाराला नेऊन लावायचा. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की शेपूट जातं डावीकडे. हे माझ्या डोक्याला कळलं, हातांना कळेना. तिने आयुष्यभर खोक्यात बाटल्या बसवल्या, त्यामुळे कुठे काय मावतं हे तिच्या नजरेत आहे. ओट्याखाली मोठं पातेलं सरकवावं तसा तिने ट्रेलर सरकवला आणि पहिल्याच परीक्षेत पास झाली. खाली उतरून पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "दादाने सायकल शिकवली तेव्हा असंच झालं होतं. मागे धरलंय म्हणाला, आणि बघते तर कुणीच नाही." तुम्ही मात्र नेहमी सांगता की तुम्ही सोडली नव्हती, तिनेच पुढे नेली. हा वाद माझ्या लग्नाच्या आधीचा, मी त्यात पडत नाही.

आता माझी परीक्षा. मैदानात ओळीने प्लॅस्टिकचे शंकू उभे केलेले असतात. बाईंनी बजावलं होतं, "काका, हे शंकू नाहीत, माणसं आहेत असं समजा." मी समजलो. मागे येताना एक शंकू आडवा झाला. मला राहवेना. गाडी थांबवली, खाली उतरलो, त्याला उभा केला, पुसला आणि "लागलं नाही ना?" असंही विचारलं असावं (ती म्हणते विचारलं, मला आठवत नाही). परीक्षकांनी नापास केलं. शंकू पाडल्याचे थोडे गुण गेले असते, पण परीक्षा चालू असताना गाडी सोडून उतरणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. मी म्हटलं, साहेब, माणूस पडल्यावर बसून कोण राहील? ते कागदावर फुली मारून म्हणाले, "तुम्ही पुन्हा या."

पुन्हा गेलो. या खेपेस शंकू सगळे उभे. गाडी अशी सरळ मागे आली की बाई कठड्यावरून उठून उभ्या राहिल्या. हलकेच ब्रेक लावला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं, तर गोदामाचं दार राहिलं होतं पलीकडे. ट्रेलर जाऊन थांबला होता कुंपणाशी, जिथे तुमची बहीण डबा घेऊन उभी होती तिथे, तिच्यापासून हातभर अंतरावर. आरशात मला ती दिसली आणि मी तिच्या रोखाने येत गेलो. इतकी वर्षं रोज सकाळी गेटवरच्या गर्दीत तिला हुडकतच मी बाहेर पडायचो, दुसरीकडे बघायची डोळ्यांना सवयच नाही. परीक्षक म्हणाले, "लावलीय उत्तम. जागा चुकली."

मग मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. कंपनीने कळवलं की हिच्यासाठी जोडीदार तयार आहे, त्याच्या मोठ्या घोरण्यामुळे त्याच्याबरोबर कुणी टिकत नाही एवढंच. माझ्या पुढच्या परीक्षेपर्यंत ते थांबणार, त्यापुढे नाही. ती म्हणाली, मग मीही जात नाही. मी म्हटलं, तू जा. एवढं हातात आलेलं माझ्यापायी का सोडतेस? त्यावर आम्ही दोघं पहिल्यांदाच नीट, समोरासमोर बसून भांडलो. (एका वेळी घरी असण्याचा हाही एक लाभ.) मी फार काळजीत होतो, दादा. परवान्याची काळजी नव्हती. पुन्हा तेच गेट, ती जाताना मी बाहेर, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

परीक्षेच्या दिवशी ती डबा घेऊन कुंपणाकडे गेलीच नाही. म्हणाली, "मी गोदामाच्या आत बसते. दार बंद असेल, दिसणार नाही. चहा घेऊन बसलेय असं समजा. यायचं असेल तर दारातून या."

मी गाडी सुरू केली. उघड्या डोळ्यांनी नाव घेतलं. आरशात कुणी नव्हतं. फक्त लोखंडी दार, त्याच्या कडेचं काळं रबर आणि उन्हाची एक तिरीप. हातांनी त्यांचं त्यांचं काहीतरी केलं, मी मध्ये पडलो नाही. शेवटी रबराला टेकल्याचा मऊ धक्का बसला आणि दाराच्या आतून शिट्टी वाजली.

मी पास झालो. बाईंनी टाळ्या वाजवल्या, मी उठून उभा राहिलो. (मान पुन्हा ती ही.)

आता गाडी मिळाली आहे. नियमाप्रमाणे एक चालवणार तेव्हा दुसरा झोपणार, म्हणजे नीट बघितलं तर आमच्या पाळ्या आहेत तशाच आहेत. मध्ये आता गेटऐवजी एक पडदा आहे इतकंच. तोही तिने मळलाय म्हणून पहिल्याच दिवशी काढून धुवायला टाकला. वाळून कधीचा तयार आहे, अजून कुणी लावलेला नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुमची अट पुरी झाली हे कळवायला हे पत्र. बाकी काही मागणं नाही.

आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा
(आता परवानाधारक)

ता. क. एक मागणं आहे. येत्या सोमवारी सकाळी आमची पहिली खेप निघते. गाडी आधी तीच चालवणार. ती बोलत नाही, पण तिचा दादा तेव्हापासून बोललेला नाही हे तिच्या मनात आहे. तुम्ही यावं. मालवाहतूक कंपनीच्या गेटच्या डाव्या खांबापाशी उभे राहा, म्हणजे ती गाडी बाहेर काढून सरळ रस्त्याला लागली की डाव्या आरशात दिसाल. खालच्या गोल आरशात नको, त्यात माणूस हरभऱ्याएवढा दिसतो. सायकल कुणी सोडली याचा निकाल या वेळी लागून जाईल. तुम्ही मागे आहात हे तिला दिसलं पाहिजे.

ता. क. दुसरा. हे पत्र मी तिला न दाखवता टाकतो आहे.

दादा, मी वाचलं. ह्यांनी पत्र डॅशबोर्डवर ठेवलं आणि मला म्हणाले बघू नकोस. ह्यांच्या मानेचं खरं आहे, बाकी अर्धंच खरं. शंकूला "लागलं नाही ना" विचारलंच होतं, सगळ्या मैदानाने ऐकलंय. आणि गोदामात मी चहा घेतला नाही, दाराला कान लावून उभी होते. तू सोमवारी येऊ नकोस, गुडघा दुखेल, उगाच धावपळ. आलास तर चप्पल घालू नकोस, बूट घाल, गेटपाशी खिळे पडलेले असतात. आणि तो निळा शर्ट घाल, लांबून ओळखू येतो.